ताप नाही, उजेड बघतोय

काकांचा याशिका-डी हा फिल्म कॅमेरा माझ्याकडे आला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो काढायचा. आतमध्ये लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, नाही. "मीटर कशाला हवा? शंभरची फिल्म, लख्ख ऊन. एफ सोळा, शटर सव्वाशे. आभाळ आलं की एफ आठ," इति काका. शंभर ही फिल्मची उजेड टिपायची क्षमता, एफ म्हणजे भिंगाचं छिद्र, आणि शटर सव्वाशे म्हणजे ते सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग उघडणार. त्यांच्या अल्बममध्ये निम्मं घराणं अंधारात हरवलंय, तो भाग वेगळा.

पण एका रोलवर फोटो बारा. रोल, धुलाई, स्कॅन एवढा खर्च करून बारा वेळा अंदाजपंचे दाहोदरसे कोण करणार? मी मीटर शोधायला लागलो. साधा, हातात धरायचा. इथेच फसलो.

पहिला सेलेनियमवाला, म्हणजे उजेडावरच वीज बनवणारा. "सेल लागत नाही साहेब, आयुष्यभर चालेल," दुकानदार म्हणाला. त्याचं आयुष्य माझ्या आधीच उरकलं होतं. सेलेनियम म्हातारपणी मंदावतं. भर दुपारी बारा वाजता त्याने दिवेलागण जाहीर केली. दुसऱ्याला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल हवा, आणि तो बनणं कधीच बंद झालंय. दीड व्होल्टचा घातला, तर काटा दीडशहाण्यासारखा वागू लागला. मग मोबाइलवरचं फुकट अ‍ॅप. माझा फोन एक सांगे, बायकोचा दुसरंच. विश्वास कोणावर ठेवायचा हे घरात आधीच ठरलेलं आहे.

त्यात एक ज्ञानप्राप्ती झाली. वस्तूवरून परतलेला उजेड मोजणाऱ्या मीटरला अख्खं जग १८ टक्के करडं वाटतं. म्हैस दाखवा, बगळा दाखवा, तो दोघांनाही राखाडी करून मोकळा. म्हणून वस्तूवर पडणारा उजेड मोजायचा. शेवटी त्यासाठीच पांढऱ्या घुमटाचा एक छोटा नवा मीटर घेतला. पिंगपाँगचा अर्धा चेंडू चिकटवल्यासारखा दिसतो. तो माणसाच्या तोंडाशी धरायचा, घुमट कॅमेऱ्याकडे करून.

ओसरीवर आत्या शेंगा सोलत बसली होती. मी मीटर तिच्या हनुवटीशी नेला. तिने चष्मा काढला, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं. करोनापासूनची सवय.

"किती आला?"

"साठ," मी शटर वाचलं.

"साठ? अरे, मग मी गेलेच की!"

झोपाळ्यावरून पेपर जरासा हलला. "एफ पाच-सहा आणि साठ ना?" काका म्हणाले. "मला विचारायचंस."