मोज्यांच्या बिलाला मोबाईल नंबर कशाला?

पुण्यात लक्ष्मी रोडवर साधे मोजे घ्या, नाहीतर कॅम्पात शर्ट. पाकीट काढायच्या आधीच काउंटरवरून फर्मान, "नंबर सांगा." तोही मागच्या रांगेला ऐकू जाईल असा, मोठ्यांदा!

"त्याशिवाय बिलच निघत नाही" ही शुद्ध थाप. जीएसटीच्या बिलाला किरकोळ गिऱ्हाइकाचा मोबाईल लागतच नाही. नाव-पत्त्याची सक्तीसुद्धा 50,000 रुपयांपासून पुढे. सॉफ्टवेअरमधला तो रकाना दुकानानेच सक्तीचा करून ठेवलेला असतो. म्हणून तर अडून बसलं की कॅशियर मुकाट्याने दहा वेळा नऊ दाबतो आणि बिल सुरळीत बाहेर येतं. (त्या पोरावर डाफरू नका, नंबर गोळा करायचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. मॅनेजरला बोलवा.)

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच बजावलंय की नंबरसाठी विक्री अडवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऐकतंय कोण?

खरी गोम ओटीपीत. "बिलासाठी आलाय, सांगा" म्हणतात, आणि मेसेज नीट वाचला तर ती निघते पॉइंट्सच्या योजनेला संमती! एकदा ती दिली की डीएनडी (जाहिरातींचे फोन-मेसेज बंद करायची सोय) लावूनही त्या दुकानाचे मेसेज येतच राहतात, कारण परवानगी तुमचीच. मग सेल, वाढदिवसाचं कूपन (मुदत तीनच दिवस), पुन्हा सेल.

ओटीपी द्यायचाच नाही. कागदी बिल मागायचं. तरी अडवलं तर माल काउंटरवरच ठेवून 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायचा, तिथल्या तिथे, स्पीकरवर.