सत्तावीस नमस्कार आणि एक मोटार

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. हौसेनं झाले नाही. वार्षिक सभेत मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बसेपर्यंत माझी एकमतानं निवड झालेली होती.

तर मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी सातला मी ग्रुपवर टाकलं : "उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा." अर्ध्या तासानं पाहिलं तर खाली रांग लागलेली. जोडलेले हात, अंगठे, गुलाब, पुन्हा जोडलेले हात. एकानं तर टाळ्याही वाजवल्या होत्या, टाकी धुणार म्हणून. सगळ्यांना कळलं म्हणायचं, असं समजून मी फोन बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रिकामी कळशी घेऊन दारात. घरात सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, गुरुजी येऊन बसलेले, वीसेक माणसं जेवायला. "मी काल विचारलं होतं ना ग्रुपवर, टँकर सांगता येईल का म्हणून? तुम्ही उत्तरच दिलं नाही." मी फोन उघडून वर वर सरकवत गेले. होता त्यांचा प्रश्न. वर अकरा नमस्कार, खाली सोळा. मधे बिचारी एक ओळ.

टँकर शेवटी साडेबाराला आला. तोपर्यंत मी माझ्या घरातले पिंप, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा वर पोचवली होती. त्या रात्री मी रागारागानं लिहिलं : "कृपया ग्रुपवर अनावश्यक इमोजी टाकू नयेत. — सचिव." आणि त्यावर पहिलं उत्तर काय आलं असेल? अंगठा.

ही सूचना टाकली ती चूक होती, आणि ती कळायला मला पंधरा दिवस लागले. एका खोलीतल्या चाळीस माणसांपैकी चौघं मोठ्यानं बोलत असतील आणि आपण "कृपया शांतता राखा" म्हणालो, की आधीच गप्प बसलेली छत्तीस माणसं दचकतात. ती चौघं म्हणतात, बरोबर आहे, लोक फार बोलतात. आमच्याकडेही तसंच झालं. रोज सकाळी हसून लोळणारे आठ-आठ चेहरे टाकणारे गृहस्थ होते तसेच राहिले. बंद झाल्या त्या बी विंगमधल्या आजी. त्या दिवसातून एकदाच, एकच जास्वंदीचं फूल टाकायच्या. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचा तो नियम आला ना, म्हटलं आपण कशाला उगीच." एकट्या राहतात. ते फूल म्हणजे 'मी उठलेय, ठीक आहे' एवढाच निरोप होता, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता मोटारीकडे येते.

माझी आत्या वाईला असते. वय ७१. तिला मी लिहिलं, "आत्या, रविवारी येतेय. साडेअकरापर्यंत पोचते. जेवायला तुझ्याकडेच." उत्तर आलं : तीन सूर्य, दोन गुलाब, जोडलेले हात, लाल मोटार, हसरा चेहरा. एकही अक्षर नाही. मी म्हटलं, छान, वाट बघतेय. रविवारी स्वारगेटहून एसटीनं गेले, तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, "त्या सकाळीच साताऱ्याला गेल्या, नणंदेकडे." मग मी दुपारभर ढोल्या गणपतीसमोर घाटाच्या पायऱ्यांवर कृष्णेकडे बघत, केळी खात बसले. फोनवर आत्या कळवळून म्हणाली, "अगं पण मोटार टाकली होती ना मी! मी चाललेय म्हणून!"

मला वाटलं होतं, मोटार म्हणजे 'गाडीनं ये'.

त्या दिवशी मी चिडले नाही याचं श्रेय केळ्यांना. पण नंतर निवांत विचारलं, की आत्या, तू सरळ 'साताऱ्याला चाललेय' का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "तो साताऱ्यातला अर्धा र कुठल्या बटणाखाली दडलाय ते सांग आधी." खरं आहे की. आपल्या लिपीतली जोडाक्षरं त्या एवढ्याशा कीबोर्डवर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी शोधायची. त्यापेक्षा मोटार समोरच असते. आणि चूक लिहिण्याची लाज वाटते, हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं. चाळीस वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवलेली बाई ती. भाचीला अशुद्ध लिहून पाठवण्यापेक्षा गुलाब बरा.

हे ऐकल्यावर मला आजोबांची पोस्टकार्डं आठवली. तिच्याच वडिलांची. वर 'श्री'. मग 'चि. अमुक यांस अनेक आशीर्वाद'. मोठ्यांना लिहायचं असेल तर 'तीर्थरूप', 'शिरसाष्टांग नमस्कार', 'वि. वि.'. शेवटी 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कळावे, लोभ असावा'. पोस्टकार्डावर जागा ती केवढी, तिच्यातली निम्मी या मायन्यात आणि समाप्तीत जायची. पण कुणी कधी म्हणालं नाही की आजोबा, नमस्कार कमी करा. कारण 'विनंती विशेष' झालं की पुढं मजकूर येणार हे ठरलेलं होतं : भात किती झाला, कुणाचं बाळंतपण कधी, मनिऑर्डर पोचली की नाही. आणि चित्रं आपल्याकडे तेव्हाही होतीच. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावलेली असत. मयताच्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. वाचायच्या आधीच कळायचं आत काय आहे ते.

म्हणजे आत्या करते ते नवीन काही नाही. ती मायना लिहितेय. फक्त मजकूर लिहायचा राहून जातोय. तेव्हापासून मी कुणालाही 'इमोजी कमी करा' म्हणत नाही. मजकूर मागते. मायना राहू दे ज्याचा त्याला. माणसाच्या नमस्काराला हात लावला की ते त्याला लागतं, एक ओळ मागितली तर नाही लागत.

कसं मागायचं, तर दोष आपल्या पदरात घेऊन. "आत्या, माझ्या चष्म्याला ती बारीक चित्रं ओळखू येत नाहीत गं, पुढच्या वेळी हो की नाही तेवढं बोलून पाठव." बोलून! कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, हे तिला माहीतच नव्हतं. दिवाळीत शेजारी बसून दाखवलं. पहिल्यांदा 'साताऱ्याला' आपोआप उमटलं तेव्हा तिनं फोन लांब धरून तो शब्द तपासला आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय हो." मास्तरीणबाईंचा शेरा.

एक उपाय मी करून बघितलाय, तो तुम्ही करू नका. एका मैत्रिणीला धडा शिकवायचा म्हणून तिच्या पंधरा चेहऱ्यांना उत्तर म्हणून चाळीस चेहरे पाठवले. ती इतकी खूश झाली की साठ आले.

या सगळ्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फाहलमन नावाच्या संगणकशास्त्रज्ञानं १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवलं, की संगणकावरच्या चर्चेत कुणी गंमत केली तर शेवटी कोलन, आडवी रेघ आणि कंस असा आडवा पडलेला हसरा चेहरा टाकावा. का, तर लोक विनोद खरे मानून भांडत होते. म्हणजे हे चिन्ह आलंच गैरसमज टाळायला. पुढं १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो या मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा संच केला, एकेक चित्र १२ बाय १२ ठिपक्यांचं. त्यांचा हेतूही तोच, थोडक्या जागेत जास्त कळावं. एवढं सगळं करून मी घाटावर केळी खात बसले ती बसलेच.

कारण चित्र एक आणि अर्थ दहा. जोडलेले हातच घ्या. नमस्कार, आभार, माफी, श्रद्धांजली, 'प्लीज', 'बास करा आता'. आपल्या कोपरापासून नमस्काराचं वेगळं चित्र अजून निघालेलं नाही, निघालं तर सर्वात आधी मी वापरीन. अंगठ्याचं तर विचारूच नका. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे चक्क नाही म्हणणं, ठेंगा दाखवणं. आमच्या पिढीनं तो 'हो' म्हणून गिळला खरा, पण माझे एक मावसकाका अजूनही दुखावतात. "मी पैसे मागितले, त्यानं अंगठा दाखवला." त्या बिचाऱ्यानं उलट पैसे पाठवले होते!

पैशाच्या व्यवहारात मात्र मी भीड ठेवत नाही. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला व्यापाऱ्यानं जवस खरेदीच्या कराराचा फोटो मेसेजवर पाठवला, यानं अंगठा टाकला. माल दिला नाही. शेतकरी म्हणाला, मिळालं एवढंच म्हणायचं होतं मला. २०२३ मध्ये कोर्टानं तो अंगठा सही धरला आणि भरपाई लावली सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर. तेव्हापासून प्लंबरपासून रंगाऱ्यापर्यंत कुणीही अंगठा टाकला की मी विचारते, "हो समजू का? एकदा लिहून द्या म्हणजे माझ्या रेकॉर्डला राहील." रेकॉर्ड हा शब्द फार कामाचा आहे. कुणालाच राग येत नाही त्याचा.

दुःखाच्या मेसेजचं काय करावं, तर फोन. हसता हसता डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा, ऑक्सफर्डनं २०१५ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला होता तोच, आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी निधनाच्या बातमीखाली टाकला. चार. त्यांना वाटलं, रडतोय. ग्रुपवर सगळे गप्प. एकानं 'काका???' लिहिलं, ते वाईट केलं. मी सरळ फोन लावला. "काका, तो चेहरा फसवा आहे, माझंही असंच झालं होतं. दोन दिवसांच्या आत सगळ्यांसाठी पुसता येतो, बोट दाबून धरा, मी सांगते." माझं तसं कधी झालेलं नव्हतं. चालतं एवढं खोटं.

आणि उलट बाजूही ऐकून घ्यावी लागते. माझी भाची म्हणते, "मावशी, तू 'ठीक आहे' लिहून पुढं पूर्णविराम देतेस ना, तेव्हा तू भयंकर चिडलीयस असं वाटतं." मी फक्त व्याकरण पाळत होते.

सोसायटीचं पुढं काय झालं ते सांगते. आमच्याकडे एक दृष्टिहीन गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. सभेत मी इमोजीचा विषय काढणारच नव्हते, त्यांनीच फोन काढला आणि म्हणाले, आपला ग्रुप मला कसा ऐकू येतो ते ऐका. त्यांचा फोन मेसेज वाचून दाखवतो, चित्रांचीही नावं घेतो. त्या यांत्रिक आवाजात लिफ्ट बंद असल्याची सूचना आली आणि मग गुलाब, अंगठा, हसरा चेहरा, जोडलेले हात, पुष्पगुच्छ, परत अंगठा, अशी न संपणारी यादी. आधी सगळे हसले. मग हळूहळू हसू ओसरलं. ते शांतपणे म्हणाले, "लिफ्ट कधी चालू होणार ते अजून यायचंय." माझ्या सूचनेनं जे झालं नव्हतं ते त्या दीड मिनिटात झालं.

आता दोन ग्रुप आहेत. 'सूचना'वर फक्त आम्ही तिघं लिहितो. दुसऱ्यावर काय हवं ते करा. ज्यांना 'कळलं' एवढंच सांगायचंय त्यांना मी मूळ मेसेजवर बोट दाबून तिथंच अंगठा चिकटवायला शिकवलं. ती सोय व्हॉट्सॲपवर २०२२ पासून आहे, पण निम्म्या लोकांना दारात उभं राहून दाखवावी लागली. दोन घरी चहा झाला, एका घरी थालीपीठ. बी विंगच्या आजींकडे मी मुद्दाम शेवटी गेले आणि म्हटलं, तुमचं फूल बंद का, मला सकाळी चुकल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून परत सुरू. हसून लोळणारे गृहस्थ अजून लोळतातच. तो दुसरा ग्रुपच मी म्यूट केलाय. सगळ्यांवर उपाय नसतो.

काल आत्याचा मेसेज आला. माइकवर बोललेला, त्यामुळे स्वल्पविराम नाही की काही नाही : "रविवारी घरी आहे ये कुठं जात नाही येताना माझे डोळ्याचे थेंब आण वाईत मिळत नाहीत." खाली तीन सूर्य, दोन गुलाब आणि लाल मोटार.

मी फोन केला. म्हटलं, घरी आहेस ना? मग मोटार कसली?

"ती होय? ती अशीच. बरी दिसते."