सुनावणीला कोणी गेलं नाही, तर प्रकल्प रद्द होतो?

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचा दाखला देत किनाऱ्यावरच्या गावांत एक मेसेज फिरतोय: ग्रामसभेने विरोधाचा ठराव करा, जनसुनावणीवर बहिष्कार टाका, पर्यावरण मंजुरी आपोआप अडते. हे साफ चूक आहे, आणि महागात पडणारं.

२००६च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार सुनावणीला कोरम, म्हणजे किमान उपस्थिती, लागतच नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोरही ती उरकता येते. मतदान तर नसतंच. आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. एवढ्या मोठ्या बंदराचा निर्णय घेतं केंद्रीय पर्यावरण मंत्रालय. (पेसा कायद्याखालच्या आदिवासी भागांत भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते, पण तो वेगळा विषय.) वाढवणची सुनावणी जानेवारी २०२४मध्ये झाली, मंजुरी फेब्रुवारीत आली. विरोध काय कमी होता?

मग जायचं कशाला? इतिवृत्तासाठी. सुनावणी संपताना ते स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. डोल जाळी कुठे लागते, मासळी कुठे वाळवली जाते, हे त्यात आलं नसेल तर तिथल्या तिथे हरकत घ्या. लेखी निवेदन द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. पुढे हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, जायची वेळ आली, तर हेच कागद लागतात.