दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: व्हर्च्युअल मशीन चार दिवसांत पुन्हा का बंद पडलं

नमस्कार भाऊ,

तुम्ही लिहिलं आहे की पाचशे रुपये घेतले आणि चार दिवसांत व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, ज्यात तुमचं जुनं बिलिंग चालतं) पुन्हा बंद पडलं. दुसऱ्यांदा विचारायला आलात तर काउंटरवरच्या पोरानं "जुनं झालं, नवीन कॉम्प्युटर घ्या" म्हणून परत पाठवलं, अन् ऐन पेरणीत कृषी केंद्राची बिलं हातानं लिहावी लागली. बिलांचा त्रास खरा आहे आणि त्यातला बराच आमच्यामुळे झाला. नवीन कॉम्प्युटरचा सल्लाही चुकीचा होता. बिघाड मात्र "तोच" नव्हता. तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकलेल्या दोन फोटोंत तो स्पष्ट दिसतो. तालुक्यात जुनं बिलिंग सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीत अडकलेले बरेच दुकानदार आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पहिल्या दुरुस्तीचं. बायोस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीची, बोर्डातली सेटिंगं. "बायोसमध्ये काहीच न करता हेच मशीन इतकी वर्षं चाललं" हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स सॉफ्टवेअरच्या 5.2 आवृत्तीत 32 बिटचं एक्सपी प्रोसेसरच्या मदतीशिवाय, निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर चालायचं. 2019 च्या 6.1 आवृत्तीपासून ती सोय काढून टाकली. कोणीतरी अपडेट दाबलं, 7 आवृत्ती बसली आणि आधीपासूनच बंद असलेलं सेटिंग अचानक आडवं आलं. "व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस" (प्रोसेसरची मदत बायोसमध्ये बंद आहे) असा जो संदेश यायचा, तो यामुळेच. आम्ही बायोसमध्ये ॲडव्हान्स्ड, मग सीपीयू कॉन्फिगरेशन, तिथे इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी 'एनेबल्ड' केलं, एफ10 दाबून सेव्ह केलं आणि एक्सपी सुरू झालं. एएमडीच्या बोर्डावर त्याच सेटिंगला एसव्हीएम मोड म्हणतात. ते लागलं की नाही हे विंडोजमध्येच कळतं: टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू, खाली 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड'.

आमची चूक इथे झाली. सेटिंग लावलं, पण ते टिकवणारा बोर्डावरचा गोल सेल मोजला नाही. तुमच्या पहिल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात घड्याळ 2012 साल दाखवतंय. एच61 चिपसेटचा जुना मदरबोर्ड आहे, सेल मेला की तो बायोसच्या जन्माच्या तारखेवर परत जातो आणि सगळी सेटिंगं कंपनीतून आली तशी होतात, व्हर्च्युअलायझेशन 'डिसेबल्ड' सकट. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी लाइन मिळत राहते, सेल मेलेला असला तरी चालून जातं. रात्री बटण बंद केलं किंवा दोन-चार तास लाइन गेली की सकाळी सगळं पुसलेलं. हे तुमच्या लक्षात का आलं नाही, तर नेट चालू झालं की विंडोज वेळ आपोआप दुरुस्त करून घेतं. फोटो काढला तेव्हा लाइन नुकतीच आली होती, राउटर सुरू झाला नव्हता, म्हणून 2012 पकडलं गेलं.

सेल सीआर2032, 3 व्होल्टचा, आमच्याकडे 40 रुपये. नवा सेल मल्टिमीटरवर 3 च्या थोडा वर दाखवतो, 2.8 च्या खाली गेलेला आम्ही ठेवत नाही. बदलताना मुख्य वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, अधिकची बाजू वर ठेवा, आणि मग तारीख व व्हर्च्युअलायझेशन दोन्ही पुन्हा लावा. सेल बदलून सेटिंग विसरणारे पुष्कळ आहेत.

दुसऱ्या फोटोतला बिघाड वेगळाच आहे. तिथे मशीनच्या नावाखाली 'इनॲक्सेसिबल' लिहिलंय आणि संदेशात 'डॉक्युमेंट इज एम्प्टी'. याचा बायोसशी काही संबंध नाही. मशीनची माहिती ज्या फाइलमध्ये असते, ती डॉट व्हीबॉक्स फाइल लिहिली जात असतानाच लाइन गेली आणि फाइल रिकामी राहिली. तुमचा हिशोब त्या फाइलमध्ये नाही, तो डॉट व्हीडीआय या मशीनच्या डिस्कच्या फाइलमध्ये आहे. म्हणून हात जोडून सांगतो: 'रिमूव्ह' दाबलं तर पुढे 'डिलीट ऑल फाइल्स' विचारेल, ते कोणत्याही परिस्थितीत दाबू नका. घरातल्या लेकरालाही सांगून ठेवा.

यावर उपाय असा. व्हर्च्युअलबॉक्स बंद करा आणि टास्क मॅनेजरमध्ये व्हीबॉक्सएसव्हीसी (व्हर्च्युअलबॉक्सचा मागे चालणारा भाग) चालू नाही ना ते बघा. 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स' फोल्डरमधलं तुमच्या मशीनचं अख्खं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करा. पेन ड्राइव्ह फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर जाणारच नाही, जागा कितीही शिल्लक असो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅट हवा. मग त्याच फोल्डरमध्ये शेवटी 'प्रेव्ह' लागलेली फाइल शोधा, ती आधीची शाबूत प्रत असते. रिकाम्या डॉट व्हीबॉक्सचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि प्रेव्हची कॉपी करून तिला मूळ नाव द्या. बहुतेक वेळा एवढ्यावर मशीन यादीत परत येतं.

प्रेव्हही रिकामी निघाली तर नवीन मशीन तयार करायचं, प्रकार एक्सपी 32 बिट, आणि नवी डिस्क न बनवता जुनी व्हीडीआय जोडायची. कंट्रोलर (डिस्क जोडायचा प्रकार) जुना आयडीईच ठेवा. साटावर जोडली तर एक्सपी 7बी क्रमांकाची निळी स्क्रीन देऊन बसेल, अन् माणसाला वाटतं डिस्कच गेली. एक अट आहे: स्नॅपशॉट (मशीनची त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती) घेतलेले असतील तर मूळ व्हीडीआय जोडू नका, कारण नंतरची बिलं स्नॅपशॉट्स फोल्डरमधल्या फाइलींत आहेत. तसं असेल तर काहीच न करता इकडे आणा.

एक्सपीच्या आयडीई डिस्कला आणखी एक खोड आहे. व्हर्च्युअलबॉक्स तिच्यासाठी 'होस्ट आय/ओ कॅश' मुळातच चालू ठेवतो. एक्सपीला वाटतं बिल डिस्कवर उतरलं, प्रत्यक्षात ते थोडा वेळ मुख्य कॉम्प्युटरच्या रॅममध्येच असतं. लाइन गेली की गेलं. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये ती खूण काढता येते, थोडं हळू चालेल. पण खरा इलाज यूपीएस. तुमचा यूपीएस लाइन जाताच टुक करून बंद होतो असं तुम्हीच म्हणालात. आतली 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी संपली असणार, अख्खा यूपीएस फेकायची गरज नाही. दुकान इन्व्हर्टरवर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. नॉर्मल मोडमध्ये लाइन बदलायला लागणारा वेळ पंखा सहन करतो, कॉम्प्युटर नाही.

रिव्ह्यूखाली एकानं "विंडोजचं हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) बंद करा" सुचवलंय. ते कारण असतं तेव्हा मशीन अगदी मंद चालतं आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. तुमच्याकडे ते नाही, त्यामुळे त्या सल्ल्याच्या नादी लागू नका.

नवीन कॉम्प्युटर तुम्हाला लागत नाही. 4 जीबी रॅममध्ये विंडोज 10 आणि 512 एमबीचं एक्सपी बिलिंगपुरतं चालतं. फक्त एक्सपीला 3 जीबी देऊ नका, मग दोघांचाही श्वास कोंडतो. दुसऱ्या स्लॉटमध्ये 4 जीबी डीडीआर3 रॅम टाकली तर आणखी बरं, पण ती घाईची गोष्ट नाही.

सीपीयूचा डबा आणि यूपीएस दोन्ही घेऊन या, कीबोर्ड-मॉनिटर नको. दुपारी चारच्या आत आलात तर त्याच दिवशी परत नेता येईल. सेल, सेटिंग आणि फाइल परत बसवण्याचे पैसे लागणार नाहीत, आधीच्या पाचशेतच ते आलं. यूपीएसची बॅटरी घ्यायची असेल तर तिचे तेवढे वेगळे, आणि जुनी मोजून दाखवल्याशिवाय नवी टाकणार नाही.