जुन्या पिक्चरचे रसिक व्हायचंय? या, शिकवतो

सगळ्यात आधी पांडवलेणीखाली फाळके स्मारकात जाऊन एक सेल्फी टाका. दादासाहेब आपल्या त्र्यंबकचे, एवढं कॅप्शनला पुरतं. त्यांचा पिक्चर बघायची काही गरज नाही.

‘दुर्मिळ’ हा शब्द दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

वाडा पाडायला काढला की आजोबांची ट्रंक आधी रद्दीवाल्याला द्यायची, किलोवर, आणि मग आम्हा जुनं जमवणाऱ्यांना फोन करायचा, ‘अरे तुझ्या कामाचं होतं बघ’. लाजायचं नाही, रिळं वितळवून चांदी काढणाऱ्यांचा देश आहे हा, आपल्या पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची, एक प्रिंट राहिली नाही, तुमच्या ट्रंकेचं काय घेऊन बसलात.

आता मेन धडा. वस्तू उसनी कशी न्यावी.

माझ्याकडे 1936 च्या बोलक्या ‘सावकारी पाश’चं बुकलेट होतं. बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी, गंजक्या कुलपांच्या ढिगाशेजारी गोणपाटावर सापडलेलं. बाबूराव पेंटरांचा पिक्चर. अंधारात बुडालेली झोपडी आणि कुत्र्याचं रडणं, बस्स, तेवढ्यावर जुनी माणसं हळहळायची. बुकलेटात गाणी, नटांची नावं, अर्धी गोष्ट आणि ‘पुढे पडद्यावर पाहा’. मलपृष्ठावर कुणा बाईने शिसपेन्सिलीने वाण्याचा हिशोब मांडलेला, गूळ, घासलेट, दोन आणे बाकी. मला तर गाण्यांपेक्षा तोच आवडायचा. तर हे तुम्ही ‘दोन दिवस दे, रील करतो’ म्हणून न्यायचं, तीन आठवडे फोन उचलायचा नाही आणि मग सरप्राइज म्हणून लॅमिनेशन करून आणायचं! पिना उपटून, पानं सुटी करून, एकेक पान रेशनकार्डासारखं कडक! आणि हिशोब? खोडरबराने साफ. ‘कुणीतरी गिरगटलं होतं रे मागे, काढून टाकलं.’

काढून टाकलं म्हणे.

अरे गरम रोलरखालून गेलेला कागद त्या प्लास्टिकमधून परत धड सुटत नाही, हे तुला माहीत नव्हतं तर एक फोन करायचास ना. फोटोच हवा होता तर माझ्याकडे खिडकीपाशी बसून काढायचास, चहा पाजला असता. नव्वद वर्षं उंदीर, वाळवी, गोदावरीचे पूर, सगळ्यातून वाचलेला कागद तुझ्याकडे तीन आठवडे नाही टिकला. आणि रीलमध्ये जे कुत्रं रडतंय ना, ते पण दुसऱ्याच कुठल्यातरी पिक्चरचं आहे.

वर लॅमिनेशनच्या एकशे वीस रुपयांचा क्यूआर पाठवलास. नाही देणार.