हातची पेन्सिल

आपल्याकडे मुलांसाठी लिहिणारे बंगाली कवी सुकुमार राय यांची ओळख बहुधा 'सत्यजित राय यांचे वडील' एवढ्यावरच थांबते आणि कुणी त्यापुढे गेलेच, तर त्यांच्या कवितांवर इंग्रजी 'नॉन्सेन्स'ची, म्हणजे अर्थाशी खेळणाऱ्या विक्षिप्त गमतीच्या लेखनाची, बंगाली शाखा असा शिक्का मारून मोकळे होते. मला दोन्ही खटकते. हे लेखन इंग्रजीतून वाचले तेव्हा ते मला जेमतेम गमतीचे वाटले होते. पुढे बंगाली अक्षरे लावत मूळ वाचले, तेव्हा ते मराठीच्या किती जवळचे आहे हे कळले.

त्यांच्या 'ह-य-व-र-ल' या गोष्टीतला कावळा पाटीवर हिशेब करतो: सात दुणे चौदा, चौदाचे चार मांडले आणि हातची राहिली पेन्सिल! इंग्रजीत यासाठी तळटीप लागते, पण 'हातचा एक' म्हणत गणिते शिकलेले मराठी पोर तिथल्या तिथे हसेल. 'खिचडी' या कवितेत बदक आणि साळिंदर एकमेकांत मिसळतात आणि आपण व्याकरण मानत नाही, असे कवी कंसात सांगून टाकतो. (मानत नाही म्हणणाराच ते पक्के जाणून असतो.) तिथला 'हातिमि' हा हाति (हत्ती) आणि तिमि (देवमासा) यांच्यातल्या सामाईक 'ति'वर उभा आहे, आपल्या हत्ती-तिमिंगिलाचा 'हत्तिमिंगिल' तितक्याच सहज होतो.

पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकलेला हा माणूस 1911 साली इंग्लंडला गेला तो छपाई आणि ब्लॉक बनवण्याचे तंत्र शिकायला. 1913 साली तो परतला, त्याच वर्षी वडील उपेंद्रकिशोर यांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले होते आणि 1915 साली ते गेल्यावर त्याचे संपादन सुकुमारांकडे आले. कवितांची चित्रेही त्यांचीच. त्या चित्रांत दोन प्राण्यांचा सांधा कुठे जुळला हे शोधूनही सापडत नाही, आणि छपाईत मुरलेल्या माणसाचीच ही नजर आहे, असे मला वाटते.

काळा आजार या तापाने 10 सप्टेंबर 1923 रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते गेले. 'आबोल ताबोल' हा त्यांचा कवितासंग्रह नऊ दिवसांनी बाहेर आला. त्याची जुळवाजुळव त्यांनी अंथरुणावरूनच केली होती. मराठीशी असलेली त्यांच्या शब्दांची जवळीक इंग्रजीच्या वळणाने हरवते, म्हणून माझा आग्रह आहे की हे पुस्तक मराठीत यायचे तर थेट बंगालीतूनच यावे. त्यातल्या शेवटच्या कवितेत, झोप दाटून आली आणि माझे गाणे संपले, असे सांगताना ते जो शब्द वापरतात तो 'साङ्ग', म्हणजे आपल्या 'सांगता' (समाप्ती) या शब्दातलाच सांग.