‘*#०६# दाबा आणि आलेले आकडे पाठवा’: दाबा, पण पाठवू नका

ई-सिमबद्दलचा (म्हणजे फोनच्या आतच बसवलेल्या सिमबद्दलचा) एक निरोप सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. तो भिशीच्या ग्रुपमधून आईच्या फोनवरही पोचला, म्हणून हे लिहितो आहे. निरोपाचा गोषवारा असा: प्लास्टिकची सिम लवकरच बंद होणार. *#०६# दाबा, दोन आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) दिसले की तुमचा फोन ई-सिमवर चालतो. 5जी फोन आणि आयफोन असेल तर तपासायचीही गरज नाही. आता स्क्रीनवरचे आकडे खालच्या ‘मदत क्रमांका’वर पाठवा, तिथून तयार मजकूर येईल, तो जसाच्या तसा कंपनीला एसएमएस करा. ई-सिम घरबसल्या सुरू.

आधी शेवटचा मुद्दा घेतो, कारण त्यातच बँकेचं खातं रिकामं व्हायची सोय आहे.

ई-सिम म्हणजे फोनच्या बोर्डावरच बसवलेली चिप. ईआयडी हा त्या चिपचा ३२ अंकी क्रमांक. कंपनी तुमच्या मोबाइल नंबरचं प्रोफाइल त्या चिपवर उतरवते आणि तुमचं जुनं सिम त्याच वेळी मरतं. जिओला ही मागणी करताना ईआयडी आणि आयएमईआय लिहून १९९ वर एसएमएस करायचा असतो, एअरटेलला ई-मेल पत्ता लिहून १२१ वर. एसएमएस तुमच्याच नंबरवरून गेला की कंपनीच्या लेखी मागणी तुमचीच. आता तो ‘तयार मजकूर’ पुन्हा बघा. त्यातला ईआयडी किंवा ई-मेल कुणाचा आहे? तो भामट्याचा असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने तुमचा नंबर त्याच्या फोनवर पाठवलात. खात्री करायला कंपनीचा एसएमएस किंवा फोन येतो, तेव्हा लाइनवर बसलेला ‘प्रतिनिधी’ सांगतो, “हो म्हणा, १ दाबा.” ई-सिम सुरू करणारा क्यूआर कोड त्याच्या ई-मेलवर जातो, तुमच्या फोनचं नेटवर्क जातं आणि पुढचे सगळे ओटीपी त्याला मिळतात.

ही कल्पनेतली भीती नाही. हैदराबादेत सायबराबाद पोलिसांनी २०२० मध्येच नेमक्या या पद्धतीबद्दल लोकांना सावध केलं होतं: सिम बंद पडेल म्हणून घाबरवायचं, तयार मजकूर पाठवायचा, तो १२१ वर पाठवायला लावायचा. इतक्या वर्षांनी तेच सोंग नव्या कपड्यांत फिरतं आहे आणि शिकलेली माणसं ‘उपयुक्त माहिती’ म्हणून ते पुढे ढकलतात, याची चीड येते.

एकटा ईआयडी कुणाला कळला म्हणून लगेच खातं रिकामं होत नाही, हेही खरं. पण तो परक्याला कळवायचं काहीच कारण नाही. एसएमएस करायचाच असेल तर मजकूर स्वतः टाइप करा, आणि ईआयडी स्वतःच्या स्क्रीनवरचाच आहे ना ते अंक-अंक ताडून बघा. क्यूआर कोडचा फोटो कुणालाही पाठवू नका, तो बहुधा एकदाच चालतो आणि जो आधी स्कॅन करेल त्याचा होतो. अचानक ‘नो सर्व्हिस’ दिसू लागलं तर फोन चालू-बंद करत बसू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला सांगून नंबर थांबवा, बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता *#०६#. हे मान्य करायलाच हवं की ही युक्ती खरी आहे. हा कोड फोनच्या आतच उत्तर देतो, नेटवर्कही लागत नाही, पैसेही पडत नाहीत. पण बघायचं ते दोन आयएमईआय नव्हे. दोन प्लास्टिक सिमच्या साध्या फोनलाही १५ अंकी आयएमईआय दोन असतातच. बघायची ती ‘ईआयडी’ ही ओळ: ३२ अंक, सुरुवात ८९ ने. सिमकार्डवर छापलेला लांबलचक क्रमांकही ८९ नेच सुरू होतो, पण तो १९-२० अंकी असतो, त्याच्याशी गल्लत करू नका.

ईआयडी दिसला तरी सेटिंग्जमध्ये पडताळा. सॅमसंगमध्ये कनेक्शन्स, मग सिम मॅनेजर, तिथे ‘ॲड ई-सिम’. पिक्सेलमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग सिम्स. आयफोनमध्ये जनरल, मग अबाउट, आणि खाली सरकत ईआयडीपर्यंत जा. ई-सिम जोडायचा पर्यायच नसेल तर नुसत्या आकड्याचा उपयोग नाही. काही फोनमध्ये चिप असूनही त्या देशासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बंद ठेवलेली असते.

5जीचा ई-सिमशी काही संबंध नाही. दहा-पंधरा हजारांच्या कितीतरी 5जी फोनमध्ये ही चिपच नसते. आणि प्लास्टिक सिम बंद करण्याचा कुठलाही सरकारी आदेश नाही.

‘सगळे आयफोन चालतात’ हेही चूक. ई-सिम आलं ते २०१८ च्या एक्सएस, एक्सएस मॅक्स आणि एक्सआरपासून, त्याआधीच्या आयफोनमध्ये ते नाही. चीनमध्ये विकलेल्या आयफोनमध्ये, अलीकडचा आयफोन एअर सोडला तर, ई-सिम नसतं. हाँगकाँगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये दोन प्लास्टिक सिमचा ट्रे असतो. जुना फोन विकत घेताना ट्रे बाहेर ओढून बघा: दोन्ही बाजूंना सिमची जागा असेल तर पैसे देण्याआधी ईआयडी तपासा.

अमेरिकेतून मुलाने आणलेल्या आयफोनचं उलटं असतं. तिथल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, त्यामुळे इथे ई-सिमशिवाय गत्यंतर नाही. त्या फोनमध्ये अबाउटमधली ‘कॅरिअर लॉक’ची ओळ वाचा, फोन एकाच कंपनीच्या सिमपुरता बांधलेला आहे का ते तिथे कळतं. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असेल तर ठीक. नसेल तर ईआयडी असूनही भारतातल्या कंपनीचं सिम त्यावर चालणार नाही. ते लॉक काढून द्यायचं काम तिथल्या मूळ मोबाइल कंपनीचं आहे, त्यामुळे फोन भारतात पाठवण्याआधीच मुलाला तिकडून ते काढून घ्यायला सांगा.